बूड बघणारे रायरमामा

पितळेचं भांडं हातात आलं की रायरमामा ते आधी उलटं करत. नक्षी, घाट, चकाकी सगळं नंतर. "आधी बूड बघ, मग रूप," असं ते मला दर दुकानात बजावत. दुकानदार मनातून चरफडत, पण पांढऱ्या केसांना कोण काय बोलणार!

मामा चेन्नईत आमच्या मैलापूरच्या इमारतीत तळमजल्यावर एकटेच राहत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, म्हणून शेजारचे तमिळ लोक त्यांना 'रायर' म्हणत; मामा मी जोडलं. मी लग्न होऊन नाशिकहून आलेले. नवरा पहाटेच कंपनीच्या बसने ओरगडमला जाई, आणि मला नेमकं जुन्या वस्तूंचं वेड लागलेलं. तमिळचा गंध नाही, म्हणून मामांना सोबत न्यायची. त्यांची मराठी ऐकून आधी हसू येई, मग सवय झाली.

त्यांचा एक नियम होता. पूर्वी मुलीला माहेरहून दिलेल्या भांड्यांवर तिचं नाव कोरत. असं नाव दिसलं की मामा भांडं खाली ठेवायला लावत. "नको घेऊ. ह्या पात्राला धनी आहे."

"मामा, ती बाई कधीच गेली असेल."

"आमां, होय, गेली असेल. पात्र गेलं नाही की."

पण स्वतः मात्र प्रत्येक नाव चष्मा कपाळावर सरकवून वाचत. नाव देवनागरीत असलं तर उजेडात नेऊन वाचत. "मतदारयादी तपासताय का?" असं मी चिडवायची. ते हसायचे नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

जॉर्ज टाऊनच्या एका गल्लीतल्या दुकानात मला एक फिरकीचा तांब्या दिसला. मामा त्याला 'कूजा' म्हणत. प्रवासात पाणी न्यायचा, झाकण फिरवून बसवायचा. गोलमटोल, कडी जराशी वाकडी. मी त्याच्यावर जीव टाकला. मामांनी तो उलटा केला, बराच वेळ बघितला आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. "नवं आहे. फसवतात," म्हणाले, आणि माझ्याआधी दुकानाबाहेर पडले.

मला राग आला. म्हाताऱ्याला स्वतःलाच हवा असणार, असं माझ्या मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी एकटी गेले, खाणाखुणांनी घासाघीस केली आणि तांब्या घेऊन आले. बुडावर देवनागरीत नाव होतं, 'कावेरी'. टीव्हीशेजारी मांडून मामांना मुद्दाम कॉफीला बोलावलं आणि नवऱ्यादेखत म्हणाले, "नवं म्हणालात ना? हे बघा, नावासकट आहे!"

मामांनी हातातला पेला खाली ठेवला. मग ते उठले आणि तांब्याकडे पाठ येईल अशा खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर आमच्याकडे आले की तिथेच बसत.

शेवटी एका संध्याकाळी, मी काही न विचारता, त्यांनीच सांगितलं. कावेरी ही त्यांची धाकटी बहीण; ती त्यांना अण्णा म्हणे. बाळंतपणाला आली तेव्हा तिचा कूजा त्यांच्याकडे राहून गेला. "स्टीलवाला दारात आला. जुनी पितळ द्या, स्टील घ्या. घरात टिफिन कॅरियर होता नाही. मी दिलो. ती विचारली तेव्हा सांगितलो, तुझ्याकडे आणताना रेल्वेत चोरानं नेला." बदल्यात मिळालेला तोच डबा घेऊन ते निवृत्त होईपर्यंत ऑफिसला गेले होते.

"मग आता द्या ना तिला!" मी तांब्या पुढे केला.

त्यांनी हात मागे घेतले. "शोधत होतो तोवर बरं होतं. आता नेऊन तिला काय सांगू?"

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं हा माणूस नावं वाचत हिंडला, आणि ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी मी टाळ्या पिटल्यासारखं केलं.

मामा गेले तेव्हा कुंभकोणमहून कावेरीमावशी आल्या. तेराव्यानंतर मी त्यांना वर कॉफीला आणलं. तांब्या आधीच कपाटात ठेवायला हवा होता. तो टीव्हीशेजारीच राहिला. मावशींची नजर त्याच्यावर गेली. जवळ जाऊन त्यांनी वाकड्या कडीवरून बोट फिरवलं.

"मावशी, हा तुमचा..." म्हणत मी तो उचलला.

"उलटा करू नको," त्या म्हणाल्या.

मी थांबले.

"माझा कूजा चोरानं नेला. अण्णा सांगितला आहे." पदराने डोळे पुसून त्या खुर्चीत बसल्या. मामा बसत त्याच खुर्चीत, तांब्याकडे पाठ करून.

"कॉफीत साखर कमी घाल," म्हणाल्या.

मी तांब्या होता तिथे ठेवला आणि आत जाऊन दूध तापवत उभी राहिले. दूध उतू गेलं तरी बाहेर यायचं धाडस होईना.