डिव्हिजनच्या पुस्तकातला बर्फ

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मुंबईत हौशी नाटकांत चारदा मीच भूत झालोय, त्यामुळे पडद्यामागे कोण असतं ते मला पक्कं ठाऊक. तरीही आम्ही इस्राएलात अश्दोदला राहायला आल्यावरची, १९६३ सालची ही हकीकत सांगतो... हसायचं तर खुशाल हसा.

आमच्या समोर मॉरित्झ राहायचा. पोलंडचा, एकटा. एका जर्मन इन्फंट्री डिव्हिजनने त्याच्या गावची माणसं पहिल्या बर्फात गोळ्या घालून मारली — त्याचा बापही त्यात गेला. आता जर्मनीतल्या कोर्टात त्या सैनिकांविरुद्ध साक्ष द्यायची होती. पण वकिलाने कळवलं, डिव्हिजनच्या जुन्या सैनिकांनी छापलेल्या इतिहासाप्रमाणे ती उन्हाळ्यात आली आणि उन्हाळ्यातच गाव सोडून पुढे गेली. तुमची आठवण चुकत असेल. पुरावा द्या, नाहीतर साक्ष वगळावी लागेल.

मॉरित्झने ते पुस्तक मागवून शब्द न् शब्द वाचला. फोटोंची पानं मात्र टाचण्या लावून बंद केली. "ते चेहरे मी बघणार नाही."

मी म्हटलं, "आमच्याकडे मलिदा करू. आम्हा मराठी ज्यूंचा एलियाहू हन्नबीला नवस. ताटाला तो स्वतः येऊन जातो म्हणतात."

"तुमचा नबी जर्मन वाचतो?"

"तुझ्यापेक्षा बरं वाचत असेल."

मंगळवारी दुपारी आमच्या फ्लोराने गूळ-खोबऱ्याचे पोहे, फळं, गुलाब असं ताट मांडलं. मॉरित्झ घराला कुलूप लावून आला आणि प्रार्थनेपासून शेवटच्या घासापर्यंत माझ्या शेजारी बसला. किल्ली त्याच्याच खिशात. घरी गेला आणि लगेच आम्हाला हाका मारू लागला.

टेबलावर पुस्तक उघडं. टाचण्या काढून ओळीने ठेवलेल्या. फोटोत विहिरीपाशी सिगरेट ओढणारे सैनिक, छपरांवर बर्फ, मागे मॉरित्झच्या बापाच्या दुकानाची पाटी. ते दुकान माणसं मारली त्याच दिवशी जळालं होतं... म्हणजे बर्फ पडला तेव्हा डिव्हिजन गावातच होती. आणि पानावर गुळाचा एक ओला पोहा.

फ्लोरा माझ्याकडे वळली. "अहो, खरं सांगा. तुम्हीच ना?"

"अगं, मी केलं असतं तर अख्ख्या अश्दोदला सांगितलं नसतं?"

हे तिला लगेच पटलं.

कुणी केलं, आजही मला सांगता येत नाही. साक्ष दाखल झाली. वकिलाने मात्र विचारलं, हे पान आधी का नाही दाखवलंत? स्पष्टीकरण द्या. मी हौसेने पेन सरसावलं.

मॉरित्झने ते काढून घेतलं. "मी पुष्कळ स्पष्टीकरणं दिली. छपरावर बर्फ कुठून आला, ते आता त्या सैनिकांना सांगू दे."