डॉक्टरांच्या गाडीची चेन

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण डॉक्टरांच्या गाडीचं प्रकरण अजून मनातून जात नाही. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी पारनेर तालुक्यात फौजदार होतो. माझ्या मागून भरती झालेला एक जण तेव्हाच बढती घेऊन नगरला खुर्चीत बसला होता. त्यामुळे जळफळाट काय असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दसरा नुकताच झाला होता. गावातले डॉक्टर आपली जुनी मोटार घेऊन सुप्याकडे पेशंट बघायला निघाले. चढावर इंजिन एकदम बंद पडलं आणि मागून आलेला ट्रक गाडीवर आदळला. डॉक्टरांचा पाय मोडला. जागेचा पंचनामा करून आम्ही गाडी ठाण्याच्या आवारात ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी गावातला जुना मेकॅनिक आला. हवालदार बाहेर जाईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "सायेब, माजं नाव नगा घेऊ. त्या नव्या गॅरेजवाल्यानं टायमिंग चेन बदललीच न्हाई. जुनीच धुऊन बसवली."

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड फिरणारी साखळी. ती तुटली की इंजिन जागीच बंद पडतं.

डॉक्टरांची गाडी वर्षानुवर्षं या जुन्या मेकॅनिककडेच असे. सकाळी चालू करताना पुढून खळखळ येई. तो म्हणे, चेन गाडीइतकीच जगते, हात लावू नका. मग एका ख्रिस्ती तरुणाने गावात गॅरेज काढलं. त्याने आवाज ऐकून सांगितलं की चेन सैल झालीय, तुटायची वाट बघू नका. नवी बसवली, खळखळ थांबली, आणि डॉक्टरांनी ते बाजारभर सांगितलं. तेव्हापासून गावातल्या जीपा आणि ट्रॅक्टर त्या तरुणाच्या दारात उभे राहू लागले.

तरुणाला बोलावून जबाब घेतला. "नवीच बसवली, साहेब. जुनी त्यांच्या डिकीत ठेवली हुती, बघायला म्हणून," तो म्हणाला. डिकी रिकामी होती. त्याचा चेहरा उतरला. "तुमी सोडलं तरी या तालुक्यात मला परत गाडी कोन देईल?"

नगरहून दुसरा मेकॅनिक आणून पंचांसमोर इंजिन उघडायला लावलं. तुटलेली चेन त्याने आडवी धरली. नवी चेन अशी धरली तर बऱ्यापैकी सरळ राहते. ही ओल्या सुतळीसारखी खाली लोंबली, म्हणजे जुनीच होती. हवालदार म्हणाला, "साहेब, झालं की. अटक करू?"

मी त्या झाकणाचे सोडवून ठेवलेले बोल्ट बघत होतो. त्यांच्या डोक्यांच्या कोपऱ्यांत ग्रीसखाली काहीतरी लाल होतं. गंज असेल म्हणून रुमालाने पुसलं, तर कुंकू निघालं, आणि थोडी हळदही. दसऱ्याच्या पूजेत गाडीच्या बॉनेटला कुंकू लागतं. रेडिएटरच्या मागे, आतल्या बोल्टांना कोण लावील? ते पूजलेल्या पान्यावरून आलं होतं.

तरुणाला विचारलं, "खंडेनवमीला पाने पुजतोस?"

"न्हाई साहेब, आमच्यात नसतं ते. त्या दिवशी बी काम चालू हुतं."

दवाखान्यात डॉक्टरांना भेटलो. ते ओशाळून म्हणाले, "दर खंडेनवमीला गाडी पूजेसाठी दिवसभर त्या जुन्या मेकॅनिकच्या शेडात उभी असते, यंदाही होती. काम काढून घेतलं, निदान तेवढा मान तरी राहू द्यावा म्हटलं."

जुन्या मेकॅनिकला समोर बसवलं. तासभर तो कशालाच बधला नाही. शेवटी मी शांतपणे विचारलं, "पूजेत मांडलेला पाना त्याच दिवशी कसा उचलवला रे तुला?"

हे मात्र त्याला सहन झालं नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दुसरा पाना नव्हता, सायेब. डिकी पुसाया उघडली अन् ती जुनी चेन दिसली. डोकंच फिरलं. आठ वरसं त्या इंजनाचा आवाज म्या ऐकला, अन् कालचं पोरगं येऊन मला येडा ठरवतंय? वाटलं, त्याची बी चेन तुटू दे. बाजारात बंद पडंल अन् लोक हसत्याल, येवढंच वाटलं हुतं." नवी चेन त्याने पंचांसमक्ष शेडातून काढून दिली.

गुन्ह्यात फायदा कोणाचा, हे मी आधीपासून शोधत असे. या प्रकरणानंतर, दुसऱ्याचं नाव झाल्याने कोणाला जेवण गोड लागत नाही, हेही विचारू लागलो. आणि अटक केली म्हणजे तो जळफळाट संपतो, हा माझा समज जुन्या मेकॅनिकच्या कोठडीपाशी गेला. कोर्टात न्यायच्या सकाळी त्याने मला गजांजवळ बोलावलं. डॉक्टरांच्या पायाचं विचारेल, असं मला वाटलं.

"सायेब, डाक्टरांची गाडी आता कुनाकडं दिली?"

मी खरं ते सांगितलं, त्या तरुणाकडेच. त्याने पुढ्यातली भाकरी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.