परतफेडीचे रविवार

आमच्या दादाच्या सासऱ्यांना या जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि ती म्हणजे फुकट मिळालेली वस्तू. साप, विंचू, सीमेवरचा गोळीबार, यांतलं काही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. वीस वर्षं फौजेत वायरलेसवर काढलेला, सहा फूट उंचीचा हा गडी. पण कुणी ‘असू द्या हो मामा, पैसे नकोत’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. इस्लामपूरच्या सलूनमध्ये पेपर फुकट वाचायला मिळतो, म्हणून ते वाचायच्या आधी दाढी करून घेत, मग भले ती आदल्या दिवशीच झालेली असो. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या गालावर ब्लेडचे चरे दिसायचे, कारण बातम्या रोज नव्या येत. स्टँडवरून कुणी मोटारसायकलवर गावापर्यंत आणून सोडलं, तर त्याची सुटका नसे. त्याला चहा व्हायचा आणि वर परसातला भोपळा गाडीला बांधला जायचा. एकदा औषध कंपनीचा एक टाय लावलेला विक्रेता असाच भोपळा घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांसमोर हजर झाला होता.

मुलीच्या सासरी जेवायचं म्हणजे तर त्यांच्या दृष्टीनं कर्जच. ते आमच्याकडे सांगलीला येत तेव्हा खिशात स्क्रू-ड्रायव्हर असे. हात धुऊन झाले की ते दाराच्या बिजागऱ्या आवळायला घेत, नळाचे वायसर बदलत, शिलाई मशीनला तेल देत. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही तर अस्वस्थ होऊन घरभर फिरत. शेवटी आईच ते येणार कळलं की एखादं स्टूल मुद्दाम डुगडुगतं ठेवू लागली. “व्याह्यांना जेवण पचलं पाहिजे ना,” ती म्हणायची. मला ते ‘धाकलं पाव्हणं’ म्हणत आणि मी वयानं त्यांच्या निम्माही नसताना अहोजाहो करत. एकदा मी म्हटलं, “मामा, घरच्याच माणसात एवढं कशाला?” तर म्हणाले, “आवं पाव्हणं, दुसऱ्याचं तसंच ठिवून झोपलं की मला गादी टोचती.”

हे दुखणं त्यांच्या घराण्यातच होतं. त्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली आणि आल्या दिवसापासून तिनं भावाचा एक घासही फुकट खाल्ला नाही. ती बैलांसाठी लोकरीचे गोंडे करायची. लाल, पिवळे, हिरवे, मुठीएवढे गच्च गोंडे, मधे काचेचे मणी आणि कवड्या. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आधी महिनाभर तिच्याकडे रांग लागायची आणि तिच्या गोंड्यांशिवाय मिरवलेला बैल अंगावर कपडा नसल्यासारखा दिसतो, असं लोक म्हणत. पण नव्वदीच्या दशकात एकेका गोठ्यातून बैल गेले आणि ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरवाल्यानं हौसेनं एखादा गोंडा बांधला तरी तो पाच वर्षं टिकायचा. आक्काची लोकर पेटीत पडून राहू लागली, तशी ती जेवताना अर्धीच भाकरी घेऊ लागली. मग एक दिवस तिनं जाहीर केलं, “औंदाच्या बेंदरापतूर बघती. गोंडं न्हाई खपलं, तर दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाती. बसून खायची सवं न्हाई मला.” वय पासष्ट, गुडघे सुजलेले, आणि ही बाई उन्हात उकिडवी बसून लोकांचं तण काढणार! मामांना ते ऐकल्यापासून झोप लागेना.

मी तेव्हा सांगलीत कॉम्प्युटरचे क्लास घेत होतो आणि टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येणारं इंटरनेट शहरात ज्या चार-दोन जागी पोचलं होतं, त्यांत माझा क्लास होता. मी ऐटीत म्हणालो, “मामा, आपण गोंडे जगाला विकू.” परदेशातली एक कंपनी तेव्हा वेबसाइटसाठी फुकट जागा द्यायची. तिनं इंटरनेटवर चक्क वसाहती पाडल्या होत्या. आपण आवडीची वसाहत निवडायची, रिकामा घर नंबर धरायचा आणि दुकान मांडायचं. मी शेतीवाल्यांच्या वसाहतीत एक घर धरलं, गोंड्यांचे दोन फोटो चढवले, खाली तोडकंमोडकं इंग्रजी लिहिलं आणि तळाशी पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही ठेवली. मामा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

“भाडं किती म्हनायचं?”

“काही नाही. फुकट आहे.”

त्यांच्या कपाळाला घाम आला. “वळख न्हाई, पाळख न्हाई, आन जागा देत्यात? कशापायी?”

त्यांना धीर यावा म्हणून मी सांगितलं की वर ज्या जाहिराती दिसतात त्या लोकांनी दाबून बघितल्या की कंपनीला पैसे मिळतात, तेच तिचं भाडं. आयुष्यात मी बोललेल्या वाक्यांपैकी एखादं परत घेता आलं असतं, तर हे घेतलं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी पहिल्या एस.टी.नं मामा हजर. टोपी काढून ठेवली, हात धुतले, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, “लावा आपलं दुकान. भाडं भागवून जातो.” त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. एक जाहिरात उघडेपर्यंत चहा गार व्हायचा, पण ते हलायचे नाहीत. परदेशातला मोटारीचा विमा, वजन उतरवायच्या गोळ्या, कुत्र्याची बिस्किटं, सगळं वरपासून खालपर्यंत बघायचे. इंग्रजी जेमतेम, तरी बघायचे, कारण दारात आलेल्याला न बघता घालवणं त्यांना जमत नव्हतं. बघून झालं की पडद्याला म्हणायचे, “आमाला नगं हाय, पर माल चांगला हाय.” आणि पुढची दाबायचे. एकदा तर कंपनीवर लय बोजा झाला असेल म्हणून ते गावातले पाच जण घेऊन आले आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी पाळीपाळीनं दाबलं. मी हा सगळा प्रकार चहाच्या टपरीवर मित्रांना नकलेसकट करून दाखवायचो. मित्र पोट धरून हसायचे आणि सोमवार उजाडला की विचारायचे, “काल काय झालं रे?”

आणि अशात एक दिवस त्या वहीत खरोखरच कुणीतरी लिहिलं. कुठल्याशा थंड देशात घोडे पाळणारी एक बाई होती. नाव नुसतं पहिलंच दिलेलं. तिनं विचारलं होतं, हे गोंडे घोड्याच्या कपाळावर बसतील का? मी वहीतच उत्तर दिलं, बसतील. आक्कानं गावातल्या वरातीच्या घोड्याचं कपाळ दोरीनं मापलं आणि मामांनी त्या घोड्याला, तसदीबद्दल, शेरभर हरभरे चारले. नमुन्याचे दोन लाल गोंडे तयार झाले. त्यांचा फोटो बघून बाई इतकी खूश झाली की तिनं लिहिलं, आमच्या तबेल्यातल्या सगळ्यांना हवेत, किती ते विचारून पत्त्यासकट पंधरवड्यात कळवते. मी ते वाचून दाखवलं तेव्हा मामांनी दोनदा नाक शिंकरलं. आक्का त्या दिवसापासून पुरती भाकरी खाऊ लागली, असं वहिनीनं माहेराहून येऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात कंपनीची मेल आली. एकाच ठिकाणाहून तुमच्या पानावरच्या जाहिराती पुन्हा पुन्हा दाबल्या जात आहेत, ही फसवणूक आहे, ताबडतोब थांबवा, नाहीतर जागा काढून घेऊ. मी वाचली आणि मला हसू फुटलं. फसवणूक, आणि मामा! मी ती छापून टपरीवर नेली आणि त्यातला ‘फसवणूक’ हा शब्द तीनदा वाचून दाखवला. मामांना थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललो असतो तर रविवार संपले असते, आणि खरं सांगायचं तर मला ते संपायला नको होते. समुद्रापलीकडून कोण येतंय आमचे गोंडे बघायला, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या रविवारी मामा आले, हात धुतले आणि बसले. मी चहा सांगितला.

त्याच्या पुढच्या रविवारी पान उघडलंच नाही. या पत्त्यावर कुणी राहत नाही, एवढंच पडद्यावर आलं. पान गेलं, वही गेली, माझं मेलचं खातंही त्याच कंपनीचं होतं म्हणून तेही गेलं, आणि बाईचा निरोप जिथं यायचा होता ते दारच राहिलं नाही. मी कंपनीला माफीची पत्रं लिहिली, दुसरीकडे नवं पान काढलं, पण त्या बाईला आमचं नवं घर कोण दाखवणार? मामा पडद्याकडे वाकले.

“जागा काढून घेतली व्हय?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. आता सांगावंच, म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, “आमीच कमी पडलो, पाव्हणं. आठवड्यातनं एकच दिस यायचो. तेवढ्यात त्यांचं काय भागनार? मदी एखादा बुधवार यायला पायजे हुता.”

मी उघडलेलं तोंड मिटलं.

बेंदूर झाला आणि आक्का बोलल्याप्रमाणे भांगलायला जाऊ लागली. मामा रोज तिच्या मागून पाण्याची कळशी घेऊन जायचे आणि बांधावर बसून राहायचे. भावानं शेजारी बसून भांगलणीच्या दोन ओळी काढून दिल्या तर ती तेवढी मजुरी मालकाला परत द्यायची, म्हणून त्यांना हातही लावता येत नसे.

त्यानंतर मामा माझ्याकडे एकदाच आले. पिशवीतून घोड्यासाठी केलेले ते दोन लाल गोंडे काढले आणि क्लासच्या दाराला स्वतः बांधले. “तुमी आमच्यासाठी येवढं केलंसा, फुकट. तुमचं ऱ्हायला नगं,” म्हणाले. मी नको म्हणालो, तर त्यांना वाटलं संकोचानं म्हणतोय. जिना उतरता उतरता वळून म्हणाले, “त्या कंपनीचं तेवढं ऱ्हाऊन गेलं.” पुढं शेवटच्या आजारपणातसुद्धा त्यांनी दादाजवळ त्या कंपनीची आठवण काढली होती.

क्लास कधीच बंद झाला. गोंडे आता माझ्या घराच्या दाराला आहेत, रंग थोडा उतरलाय, गाठ मात्र मामांनी मारलेली तशीच आहे. येणारे-जाणारे विचारतात, छान आहेत, कुठून घेतले? मी सांगतो, भेट मिळाले. मामांना खरं सांगितलं असतं तर ते रागावले नसते, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. फार तर म्हणाले असते, “आसं व्हय,” आणि बिजागरी आवळायला घेतली असती.