उलट्या आट्यांची परीक्षा

आर्दुइनाच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात, ही गोष्ट देल्फिना पेरुक्का कुठल्याही मेकॅनिकला आधी सांगत नसे. पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय, जरा काढून बघता का, एवढंच म्हणायची आणि हाताची घडी घालून बाजूला उभी राहायची. चाकात आवाज नसायचा. तिला माणूस बघायचा असायचा.

आर्दुइना ही इटलीतल्या इव्ह्रेआजवळच्या एका छोट्या कारखान्यातली दोन दारांची, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार. जेमतेम सहाशे गाड्या बनवून तो कारखाना १९७१ साली बंद पडला. त्यानंतर तीन वर्षांनी देल्फिनाने त्यातली एक जुनी, गर्द हिरवी गाडी स्वतःच्या पगारातून घेतली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि टाइपरायटरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. याच पैशात घराला नवं छप्पर झालं असतं, असं वडील म्हणाले होते. ते जुनं छप्पर अजून गळत नाही. लग्न केलं नाही, नोकरी चौतीस वर्षं केली, गाडी अडतीस वर्षं सांभाळली. आता मात्र तीन वर्षं झाली, गाडी डोंगर चढत नव्हती.

डोंगर म्हणजे कोल्मा. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी जुन्या गाड्यांचं मंडळ पायथ्याशी जमतं, मंडळाच्या खर्चाने सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ भरल्या जातात आणि मग एकेक गाडी वर सोडतात. नऊ किलोमीटर, चौतीस वळणं. देल्फिनाची गाडी अठराव्या वळणावर, सान रोक्कोच्या छोट्या चर्चसमोर, दोन-तीन आचके देऊन बंद पडायची. वीस मिनिटांनी सुरू व्हायची, पण तोवर तिचा नंबर गेलेला असायचा. गावातली म्हातारी मंडळी आता मुद्दाम त्या वळणावर खुर्च्या टाकून बसत. पाव, सॉसेज, वाइनची बाटली, आणि एक रिकामं स्टूल. ते देल्फिनासाठी असायचं.

गेल्या वर्षी चढानंतरच्या जेवणात मंडळाचे अध्यक्ष, नोटरी रावेरा, उकडलेल्या मांसावर हिरवी चटणी वाढून घेता घेता म्हणाले, "बाई, संग्रहालयातल्या वस्तूला डोंगर दाखवू नये. मला विका. माझ्या गॅरेजात कोरडी राहील."

"पुढच्या वर्षी वर आली नाही, तर तुमची," देल्फिना म्हणाली.

"कागद करायचा का?"

"शब्द दिला की."

"अरेरे. कागदात निदान पळवाट तरी असते."

चाळीस माणसं हसली. चाळीस साक्षीदार झाले.

म्हणून तिला मेकॅनिक हवा होता, आणि तो एका वर्षाच्या आत. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. या खोऱ्यात अळंबी उगवण्याची जागा आणि चांगल्या मेकॅनिकचं नाव माणूस मरताना सांगतो, आणि तेही चुकीचं सांगतो. तिने मंडळातल्या अकरा जणांना विचारलं. प्रत्येकाचा मेकॅनिक नुकताच वारला होता, नाहीतर आजारी होता.

शेवटी ती जाहिरात बघून तोरिनोला गेली. गॅरेज इस्पितळासारखं स्वच्छ, मालकाच्या अंगात पांढरा कोट. चाक काढायला सांगितल्यावर त्याने पान्हा लावला आणि सवयीने डावीकडे जोर दिला. उजव्या चाकाचा नट असा सैल होतो, डाव्याचा आणखी आवळला जातो. नट हलेना, तेव्हा त्याने पान्ह्याच्या दांड्यावर मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. बोल्ट कडकन तुटला. तुटका तुकडा हातात घेऊन तो शांतपणे म्हणाला, की याला आधीपासूनच तडा होता. देल्फिनाने गाडी तशीच, एका नटावाचून, घरी आणली.

दुसरा बिएल्लाचा. त्याने चाकाला हात लावायच्या आधीच हसून सांगितलं, "डावीकडचे उलटे ना? आर्दुइना मला शिकवू नका, बाई." मग शर्यतींच्या दिवसांचे किस्से अर्धा तास सांगितले. परीक्षेत तो पहिला आला, म्हणून देल्फिनाने किल्ली त्याच्या हातात ठेवली. नोव्हेंबर ते एप्रिल गाडी त्याच्याकडे होती. त्याने पेट्रोलचा पंप बदलला, दोन्ही कार्बोरेटर बदलले, कॉइल बदलली, आणि गाडी परत देताना आता ही आल्प्स ओलांडेल असं म्हणाला. मे महिन्यात तिने एकटीनेच टाकी भरून गाडी कोल्मावर घातली. अठराव्या वळणावर, सान रोक्कोसमोर, गाडी बंद पडली. त्या दिवशी खुर्च्या टाकलेल्या नव्हत्या, हीच काय ती सोय.

चर्चच्या पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी पिताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या परीक्षेत खोट आहे. ज्याला उलटे आटे माहीत आहेत, त्याला फक्त उलटे आटे माहीत आहेत.

जून गेला, जुलै गेला. नोटरींनी एकदा बाजारात गाठून, गाडीचा हिरवा रंग मूळचाच आहे ना, असं आपलं सहज विचारलं.

ऑगस्टमध्ये ती चुलत बहिणीकडे, जेम्माकडे, वरच्या गावात गवत काढायच्या दिवसांत गेली होती. जेवायच्या वेळी जेम्माच्या नवऱ्याने गवत कापायचं यंत्र बांधावर चालूच ठेवलं होतं. यंत्र तीस वर्षांचं, पत्रा गंजलेला. पण रिकामं चालतानाचा त्याचा आवाज ऐकून देल्फिनाने तोंडातला घास तसाच ठेवला. कारखान्यात ती टेबलाकडे पाठ करून सांगत असे, कुठल्या टाइपरायटरचं कुठलं अक्षर उशिरा पडतंय. या यंत्राचा एकही ठोका उशिरा पडत नव्हता.

"हे कोणी लावून दिलं?"

जेम्माने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पानातल्या चीजकडे पाहिलं. अळंबीचाच मामला. जेम्मा म्हणाली, "सांग रे. घरातलीच आहे."

नाव निघालं ओरेस्ते जाकिनो. दुसऱ्या दिवशी देल्फिना आर्दुइना घेऊन त्याच्या शेडपुढे उभी राहिली. चढ लहान होता, दहा मिनिटांचा, एवढं गाडी निमूट चालायची. शेडमध्ये एक ट्रॅक्टर, द्राक्षांवर औषध मारायचे दोन पंप आणि बाकावर पाती घासत बसलेला साठीला टेकलेला, आडव्या बांध्याचा माणूस. त्याने गाडीकडे पाहिलं, पण उठला नाही.

"ही माझ्यातली नव्हे, बाई. मी गवत कापायच्या यंत्रांचा माणूस."

देल्फिनाचा परीक्षेवरचा विश्वास उडाला होता. तरी जिभेला वळण पडलेलं. पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय, जरा काढून बघता का, असं ती म्हणून गेली.

ओरेस्ते उठला. पान्हा लावला, डावीकडे एकदा जोर दिला. नट हलला नाही. लोखंडी पाइप त्याच्या मागेच भिंतीला टेकून उभा होता. देल्फिना त्या पाइपाकडे बघत राहिली. ओरेस्तेने पान्हा काढून जमिनीवर ठेवला. फडक्याने बोल्टचं टोक पुसलं. खिशातून चष्मा काढला, लावला, वाकला. मग उठून गाडीला वळसा घालून उजव्या चाकापाशी गेला आणि तिथलंही टोक पुसून पाहिलं. परत आला, पान्हा उजवीकडे फिरवला आणि नट दोन बोटांच्या जोराने सुटला.

"इथे 'स' कोरलाय," तो म्हणाला. "सिनिस्त्रा. डावं. मला माहीत नव्हतं."

देल्फिनाने पाइपावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला मात्र होतं."

"होतं."

"आवाजही नसणार चाकात."

"नाही."

ओरेस्तेने नट परत लावला, जेवढा हवा तेवढाच आवळला. देल्फिनाने कारखान्यात शिकाऊ पोरींना वर्षानुवर्षं तेच सांगितलं होतं, पेच बसला की हात काढा.

"मला बघून झालं असेल," तो म्हणाला, "तर आता गाडीचं काय दुखतंय ते सांगा."

तिने सगळं सांगितलं. तोरिनोचा पाइप, बिएल्लाचे किस्से, नोटरींना दिलेला शब्द, रिकामं स्टूल. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, की चढाच्या दिवशी जे जे करता तेच आज करा, एकही गोष्ट सोडू नका. म्हणून ती पायथ्याशी उतरली, टाकी काठोकाठ भरली, थर्माससुद्धा भरून घेतला. ओरेस्ते शेजारी बसला. आजवर एकाही मेकॅनिकने हे केलं नव्हतं. सगळ्यांनी आपल्या अंगणात बॉनेट उघडून गाडी बघितली होती, आणि अंगणात ती उत्तम चालायची.

सतरा वळणं तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. अठराव्याला गाडीने आचके दिले आणि सान रोक्कोसमोर ती थांबली.

"आता काय करता?"

"पायरीवर बसते. कॉफी पिते. वीस मिनिटांनी सुरू होते."

"आज कॉफी नको."

तो उतरला. बंद पडलेल्या गाडीपाशी माणूस पुढे जातो. ओरेस्ते मागे गेला. टाकीच्या चकचकीत झाकणाला कान लावला आणि ते हळूच फिरवलं. आत हवा खेचली गेल्याचा लांब आवाज आला, कुणीतरी बराच वेळ रोखून धरलेला श्वास घ्यावा तसा.

"करा सुरू."

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

देल्फिना आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. तो झाकण उलटसुलट करत खिडकीशी आला. हे मूळचं का, असं त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी पादोव्हाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हौसेने घेतलं होतं. मूळचं काळवंडलं होतं, शिवाय मध्यभागी त्याला भोक पडलं होतं. सुईच्या टोकाएवढं. चौतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेल्या बाईला भोक पडलेली वस्तू चालवून घेणं जमण्यासारखं नव्हतं.

ते बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. चार वर्षांपूर्वी झाकण. तीन वर्षांपासून अठरावं वळण.

"ते भोक पडलेलं नव्हतं, बाई," ओरेस्ते म्हणाला. "पाडलेलं होतं. टाकीचं नाक होतं ते. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा यायला हवी, नाहीतर पंप ओढून ओढून थकतो. त्यात टाकी काठोकाठ, म्हणजे आत हवा आधीच थोडी. वीस मिनिटांत ती फटीतून झिरपत आत येते, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक दाबल्यावर तोंड मिटलं होतं, आणि दाबणारी ती स्वतः होती. बिएल्लाच्या माणसाने बदललेला पंप चांगला होता. जुना पंपही चांगलाच होता.

"म्हणजे चूक माझीच."

"हो," ओरेस्ते म्हणाला. "चांगलं झालं. दुसऱ्याची चूक सापडत नाही लवकर."

तुमची नाही, कोणाचीच नाही, असं होतं कधी कधी, यातलं काहीही तो बोलला नाही. त्या एका 'हो'साठी देल्फिनाने त्याला त्याच क्षणी आपला मेकॅनिक मानलं. नव्या झाकणाला भोक पाडून चालेल का, असं तिने विचारलं. चालेल, तो म्हणाला, पण मूळचं असेल तर मूळचंच लावा. ते होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीखाली. गेली चार वर्षं कुंडीचं जादा पाणी त्याच भोकातून झिरपत होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आकाश स्वच्छ होतं. ओरेस्ते आपल्या बहिणीने इस्त्री केलेला शर्ट घालून आला. त्याने चारही चाकांचे नट तपासले, उजवे उजवीकडे, डावे डावीकडे, आणि विचारल्याशिवाय शेजारी बसला. नोटरी पायथ्याशी आले, झाकणाकडे नजर टाकून म्हणाले, "हे काय, बाई, विकायच्या दिवशी जुनं लावलं?"

"नवं तुम्हालाच ठेवलंय," देल्फिना म्हणाली.

सतराव्या वळणापर्यंत तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. अठराव्याला खुर्च्या दिसल्या, बाटली दिसली, आणि आपलं स्टूल दिसलं. त्यावर या वर्षी कुणीतरी उशीसुद्धा ठेवली होती. एक म्हातारा सवयीने उठून उभा राहिला, स्टूल पुढे सरकवावं म्हणून. देल्फिनाने गिअर उतरवला, हॉर्न लांब दाबला आणि वळण घेतलं. आरशात तो म्हातारा स्टूल हातात धरून तसाच उभा होता. मग त्याने ते स्टूल डोक्यावर उंच धरून हलवायला सुरुवात केली, आणि बाकीच्यांनी बाटल्या उचलल्या.

उरलेली सोळा वळणं तिने गाडीला जे जमतं ते सगळं करू दिलं. माथ्यावर पांढऱ्या रेघेपलीकडे थांबली, तेव्हा एंजिन रिकामं चालत होतं आणि एकही ठोका उशिरा पडत नव्हता. ओरेस्तेने डोकं थोडं तिरकं करून ऐकलं. "बरी आहे," तो म्हणाला. या डोंगरात याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

नोटरी दहा मिनिटांनी वर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, मग देल्फिनाला बाजूला घेऊन आवाज खाली आणला.

"मानलं, बाई. आता एक सांगा. माणूस कोण?"

देल्फिनाने ओरेस्तेकडे पाहिलं. तो चार पावलांवर पाव-सॉसेज खात उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो," ती म्हणाली.

नोटरींचा चेहरा पडला. "नसेल सांगायचं तर नका सांगू. पण थट्टा नको."

आणि ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला गेले. ओरेस्तेने उरलेल्या पावाचा तुकडा तोंडात टाकला, हात झटकले आणि गाडीत बसला. उतरताना सान रोक्कोसमोर थांबायचं त्यांचं ठरलं होतं. तिथे स्टूल आहेच, तर एकदा बसून बघू, असं देल्फिनाच म्हणाली होती.