मोकळी पट्टी

पारनेरच्या स्टँडमागं त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोलताना तो तांब्याची तार गुंडाळत राहतो. मनात वेढे मोजत असल्यामुळे उत्तर नेहमी उशिरा देतो.

आम्ही चौघं मोबाईलवर राज्य वसवायचा खेळ खेळतो. शहरं उभारायची, हद्द वाढवायची, तह करायचे नाहीतर लढायचं. दिवसाला प्रत्येकाची एक चाल. आम्ही तिघं दिसेल ती जमीन बळकावत सुटलो. तो मात्र प्रत्येकाच्या हद्दीपासून एक पट्टी मोकळी सोडायचा. का, असं विचारलं तर वेढे संपल्यावर म्हणाला, "सर, बांधाला बांध भिडला की भांडन आलंच."

शाळेत मुलांना शहाणपण शिकवणाऱ्या मी त्याच पट्टीत शहर वसवलं. त्याचा निरोप आला, "बसा. फकस्त पुढं सरकू नका." मला तो भित्रा वाटला.

आठवड्यात आमच्या चौघांतल्या मेडिकलवाल्याची फौज माझ्या राजधानीवर चालून आली. तेव्हा यानंच आपलं सैन्य माझ्या वेशीवर उभं केलं, आणि मेडिकलवाल्याला स्वतःचं एक बंदर देऊन तह घडवला. पट्टीचा विषयसुद्धा काढला नाही.

काल शेवटची चाल होती. मतं घेऊन जगाचा प्रमुख निवडायचा, तोच विजेता. तिघांचीही मतं त्याला पडली, मेडिकलवाल्याचंसुद्धा. दुकानात सगळ्यात मोठ्यानं ओरडलो तो हरलेला मीच.

त्यानं तार खाली ठेवली. या वेळी उत्तर लगेच आलं.

"जिकलो न्हाई, सर. निवडून आलो."