बारवेतली हाक

अणदूरच्या पेठेत बंडप्पाचं बांगड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. दुकान कसलं, दीड माणसाची जागा! बाईचा हात हातात घेऊन अंगठा जरा आत दाबला की बंडप्पा माप सांगायचे आणि ते कधी चुकायचं नाही. त्यांचा मुलगा सिद्धाराम मात्र डझनातल्या तीन बांगड्या गिऱ्हाइकाच्या मनगटावरच फोडायचा. बायका कळवळायच्या, बंडप्पा कपाळाला हात लावायचे. "याच्या हातात कायतरी इद्या आसंल, पर ती बांगडीची न्हाय," असं शेवटी त्यांनीच जाहीर करून टाकलं. मग कसली, हे शोधण्यात सिद्धारामची पंचविशी उलटली.

बी.ए. होऊन घरी बसलेला हा गडी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागला. आधी बांगड्यांचे नवे नमुने दाखवले. ते त्याच्या दोन मावश्यांनी पाहिले. मग शेंगदाण्याची चटणी करून दाखवली, ती मावश्यांनीही पाहिली नाही. पण गडी चिवट. चॅनलला हजार सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास आपले व्हिडिओ पाहायला हवेत, तेव्हा कुठं जाहिरातींचे पैसे सुरू होतात, हे त्याला तोंडपाठ होतं. जेवताना तो हेच बोलायचा.

"आपल्याला पैसं देतंय कोण पर? बगणारा?" बंडप्पांनी एकदा विचारलं.

"बगणारा न्हाय, आप्पा. जाहिरातवाला. आपला व्हिडिओ चालू असला की मधी त्याची जाहिरात लागती. त्यातलं निम्म्याच्या वर आपल्याला. आठ मिनिटांच्या पुढं व्हिडिओ गेला तर मधी दोन-तीन जाहिराती घालता येत्यात."

"मंग बगणाऱ्याचं काय जातंय?"

"काय न्हाय. वेळ जातो."

"म्हंजी तू लोकांचा वेळ इकायलास," बंडप्पा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. "चांगलंय. माल घ्यायला भांडवल लागत न्हाय."

मार्गशीर्षात गावचा देव खंडोबा पालखीतून अणदूर सोडून नळदुर्गला गेला. दरवर्षी जातो, पावणेदोन महिने तिकडं राहतो आणि मग परत येतो. देव गेला की पेठ ओस पडते. दुकानात माश्या मारत बसलेल्या सिद्धारामच्या डोक्यात त्या दिवसांतच ती कल्पना शिरली.

गावाबाहेर चिंचेखाली एक जुनी बारव आहे. खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, शेवटच्या चारेक कायम शेवाळलेल्या. लहानपणी सगळ्या पोरांना एकच ताकीद असायची, तिकडं जायचं नाही. का, ते कुणी सांगायचं नाही आणि सिद्धारामनं कधी विचारलंही नाही. आता विचारावं, एखाद्या म्हाताऱ्यापाशी बसावं, एवढंही त्याच्या मनात आलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानं गोष्ट रचली: माहेरी आलेली एक लेक या बारवेत गेली. देव गावात असतो तोवर ती पाण्याखाली गप राहते. देव नळदुर्गला गेला, गाव उघडं पडलं, की पायऱ्या चढून वर येते.

धाकट्या बहिणीला, सोनालीला, त्यानं पैंजण घालून ओल्या पायांनी पायऱ्या चढायला लावलं. दुकानातल्या हिरव्या चुड्याच्या काचा पायरीवर पसरल्या. तोंड दाखवायचं नाही, फक्त पाय; वर गोष्ट सांगायला सिद्धारामचा आवाज. आणि पायऱ्या चढून झाल्यावर एक हाक हवी म्हणून सोनालीला म्हणाला, काहीतरी बारीक आवाजात म्हण. पोरीला थंडी वाजत होती, तिला दुसरं काही सुचलं नाही. ती म्हणाली, "आई."

अकरा मिनिटांचा तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. भूम, येरमाळा सोडा, पुण्याहून, दुबईहून, अमेरिकेतून लोक पाहायला लागले. तिकडच्या माणसानं पाहिलं की जाहिरातीचा दर जास्त, हेही सिद्धारामला तेव्हाच कळलं. तास भरले, सबस्क्रायबर भरले, पत्ता खरा आहे का ते तपासायला परदेशातून आकडे छापलेलं पाकीट पोस्टानं आलं. पोस्टमननं पेठेत बोभाटा केला की बंडप्पाच्या पोराला फॉरेनची नोकरी लागली. पहिले पैसे खात्यात आले, ते दुकानाच्या दोन महिन्यांच्या कमाईहून जास्त होते. सोनालीची नर्सिंगची फी त्याच दिवशी भरून टाकली. त्या दिवसापासून बंडप्पांनी पोराला बांगड्या भरायला बसवणं बंद केलं.

व्हिडिओ कोण कुठं सोडून जातं, कुठं मागं नेऊन पुन्हा पाहतं, याचा आलेख चॅनलवाल्याला दिसतो. सिद्धारामच्या आलेखाला एकच टेकडी होती. सहा मिनिटं बारा सेकंद. पाय आणि ती हाक. झोपेतून उठला की तो आधी ती टेकडी बघायचा. खाली कमेंटमध्ये सगळे एकच विचारत होते, दुसरा भाग कधी? मोबाईलवरच्या कुठल्याशा खेळाच्या कंपनीचा माणूसही फोन करत होता. दुसऱ्या भागात आमच्या खेळाचं नाव घ्या, जाहिरातींचे पैसे तुमचे तुम्हाला, आमचे वेगळे. देव परत यायच्या आत तो भाग टाकायचा असं ठरलं.

आणि मग एका दुपारी धुरपदाबाई दुकानात आल्या.

गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी, सत्तरीची, वाळलेली बाई. वर्षानुवर्षं पेठेत फिरकली नव्हती. तिनं बंडप्पांकडं पाहिलंसुद्धा नाही. सिद्धारामसमोर घोंगडीवर बसली आणि म्हणाली, "लेकरा, किती वाजता येती ती?"

"कोण, मावशी?"

"सोजर. माझी सोजर. सुनेनं मला मोबाईलमधी दावलं. म्या चार दिस झालं बारवेवर जायलेय, मला दिसंना. तुला कवा दिसली? दिस बुडताना व्हय?"

सिद्धाराम हसला. भीतीनं माणूस कधीकधी हसतो, तसा. त्यानं वडिलांकडं पाहिलं. बंडप्पांच्या हातातला बांगड्यांचा तोडा तसाच राहिला होता.

"आन् हिरवा चुडा भरायचाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "माप तुमास्नी ठावं हाय, बंडप्पा. तुमीच भरला हुता पंचमीला."

"दोन-चारचं माप," बंडप्पा हळू म्हणाले. त्यांनी चुडा काढला, कागदात बांधला. कासार नेहमी एक बांगडी वरून देतो, तशी एक वर घातली. पैसे घेतले नाहीत.

ती गेल्यावर त्यांनी पोराला सांगितलं. बावीस वर्षं झाली. सोजर पंचमीला माहेरी आली होती, पोटुशी. सासरी परत जायचं नाही म्हणत होती. आईनं चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी सकाळी तोंड सोडलं: लोक काय म्हणतील, उद्या गाडीत बस आणि जा. पोरगी कळशी घेऊन बारवेवर गेली, ती पाण्यातच सापडली. पाय घसरला म्हणावं तर शेवाळ होतंच. उडी मारली म्हणावं तर कळशी पायरीवर नीट ठेवलेली होती. पोलीस आले, गेले. त्या दिवसापासून गावानं तोंडाला कुलूप लावलं.

"तुमी मला आधी का न्हाय सांगितलं?" सिद्धाराम ओरडला.

"तू इचारलंस व्हय?" बंडप्पा म्हणाले. "मला काय ठावं तू तितं जाऊन काय करायलास? म्या बगतो का ते?"

खरं होतं. घरादाराचं भागवणारा तो व्हिडिओ बापानं एकदाही पाहिला नव्हता.

त्यानंतर सिद्धारामला काही सुधरेना. दुसऱ्या भागासाठी जुने तुकडे कापायला बसला की पाय सोनालीचे वाटायचे नाहीत. पेठेत एखाद्या पोरीनं "आई" म्हणून हाक मारली की तो दचकून मागं वळायचा. त्यानं सोनालीला तीन वेळा विचारलं, तो आवाज तुझाच ना? तिसऱ्या वेळी ती चिडून रडली. आणि ती टेकडी वाढतच होती. जगात हजार माणसं ती हाक मागं नेऊन ऐकत होती, पण त्याला वाटायचं, ही सगळी एकच म्हातारी आहे. वस्तीवर सुनेचा मोबाईल हातात धरून बसलेली. तिच्यापुढंही जाहिरात लागत असेल. साबणाची, नाहीतर कर्जाची. ती संपायची वाट बघत असेल बिचारी, आणि त्या वाट बघण्याचे पैसे याला.

व्हिडिओ काढून टाकावा असं त्याला रोज वाटायचं. रोज सोनालीच्या पुढच्या फीची आठवण व्हायची. आणि काढला तरी म्हातारी बारवेवर जायची थांबणार होती थोडीच? उलट तिच्या लेखी पोरगी मोबाईलमधूनही गेली असती. तिला खरं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, आणि तेवढं सोडून तो बाकी सगळं करत होता. खेळाच्या कंपनीचे फोन घेणं बंद केलं, सुनेला निरोप धाडला की मावशीला एकटं सोडू नका. सून म्हणाली, "आमी काय बांधून घालावं व्हय? लई वर्सांनी हसायल्यात त्या."

देव परत यायच्या आदल्या दिवशी मात्र ऊन उतरताना तो बारवेवर गेला.

धुरपदाबाई खाली होत्या. शेवटून दुसऱ्या पायरीवर, शेवाळावर, पाय पाण्यात. मांडीवर चुड्याचा कागद. सिद्धारामनं चपला वरच काढल्या. भिंतीला धरत धरत तो खाली उतरला.

"वर चला मावशी. घसराल."

"उद्या देव येतोय," त्या पाण्याकडं बघतच म्हणाल्या. "मंग ती वर येयाची न्हाय. तूच सांगितलंस की. म्या देवाला म्हणलं, दोन दिस थांब बाबा. पर देव कशाला थांबतोय."

सिद्धाराम त्यांच्या शेजारी ओल्यात बसला. आणि त्यानं सांगितलं. सगळं. पाय सोनालीचे. काचा दुकानातल्या. देवाची गोष्ट आपल्या डोक्यातली. लोक घाबरतात, पुन्हा पुन्हा बघतात, त्याचे पैसे मिळतात, म्हणून केलं. सोजरचं नावही मला माहीत नव्हतं, मावशी. तो रडत होता. म्हातारी किंचाळेल, शिव्या देईल, तोंडात मारेल, यातलं काहीही झालं असतं तरी त्यानं ते घेतलं असतं.

धुरपदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आन् ती हाक?"

"ती बी सोनालीचीच."

"आई म्हणली ती?"

"तिला थंडी वाजायली हुती. म्या म्हणलं कायतरी म्हण. तिला दुसरं सुचलं न्हाय."

म्हातारीनं मान हलवली. कुणी बाजारभाव सांगितल्यावर हलवावी तशी.

"मंग सोजरचा राग गेलेला न्हाय माज्यावरचा," त्या म्हणाल्या.

सिद्धारामला त्या क्षणी कळलं की आपण काय हिसकावून घेतलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, ही पोरीला बघायला येते. ती येत होती त्या एका शब्दासाठी. बावीस वर्षांनी पोरीनं हाक मारली, म्हणजे पोरीनं माफ केलं, एवढं साधं होतं ते.

"म्या काढून टाकतो तो व्हिडिओ," तो घाईघाईनं म्हणाला. खिशातून मोबाईल काढला. "आत्ता, तुमच्या म्होरं काढतो."

धुरपदाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. थंडगार, ओला हात. "ऱ्हाऊ दे. म्या बगत जाईन."

"पर ते खोटं हाय, मावशी."

"व्हय. सांगितलंस की." त्यांचा हात तसाच होता. "तुला गोष्टी करता येत्यात न्हवं? पैसं मिळतील आसल्या करतोस. मंग एक मला सांग. ती आली आसती, हितं, ह्या पायरीवर, तर काय म्हणली आसती?"

त्या त्याच्याकडं वळून बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. खोटं सांग, चालेल, असंच ते डोळे म्हणत होते.

अकरा मिनिटं अखंड बोलणारा, हजारो माणसांना जागेवर धरून ठेवणारा सिद्धाराम नुसता तोंड उघडून बसला. आणि धुरपदाबाई थांबल्या होत्या, पाय पाण्यात सोडून, तो सांगेल म्हणून.