नारायण पेठेतलं जर्मन, किंग्ज लिनच्या धक्क्यावर

रीडिंगहून निघाल्यापासून आईची बडबड सुरू होती. लंडनला गाडी बदलून किंग्ज लिनच्या ट्रेनमध्ये बसलो तरी थांबेना. पुण्यात तिने तीस वर्षं जर्मन शिकवलं, पण जर्मनी काही पाहिली नाही. यंदा माझ्याकडे इंग्लंडला येताना जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी धडपडलो, अपॉइंटमेंटच मिळाली नाही. "जाऊ दे गं," ती म्हणाली. मलाच चुटपुट लागली. किंग्ज लिनला मध्ययुगीन जर्मन व्यापाऱ्यांचं गोदाम अजून उभं आहे. तिथे एखादा जर्मन भेटला तर आई चार वाक्यं तरी बोलेल, म्हणून हा सगळा घाट.

फेन्स (पाणी उपसून काढलेली जमीन) इतकी सपाट, की चढ औषधालाही नाही. गावात शिरलो तर लिथुआनियन दुकान, पुढे पोर्तुगीज कॅफे. तिथे गरमागरम नाता (अंड्याच्या कस्टर्डची पेस्ट्री) हाणल्या.

"इथे सगळे बाहेरूनच आलेत का हो?" आईने विचारलं.

मालकीणबाई हसल्या. "बंदर आहे ना! कोणी ना कोणी येतच असतं."

गोदाम नदीकाठीच आहे, विटालाकडाचं, मध्ये चिंचोळं अंगण. आणि अंगणात चक्क एक वयस्कर जर्मन जोडपं!

"ल्युबेकचे आहेत," त्यांचं बोलणं ऐकून आई कुजबुजली.

"मग बोल ना!"

"चुकलं म्हणजे?"

अगं बाई! जन्मभर पोरांच्या वह्या लाल करणारी माझी आई खांबाआड उभी! मला हसू आलं आणि रागही आला.

दुपारी पलीकडच्या तीरावर जायला होडीच्या धक्क्यावर आलो, तर तेच जोडपं आमच्या पुढे. ओहोटीने पायऱ्या ओल्या होत्या. त्यातल्या आजींचा पाय सरकला, तशी आईने झेप घेऊन त्यांचा दंड धरला. "लांगझाम! लांगझाम!" (हळू! हळू!) आवाज थेट वर्गातला.

मग काय, जर्मनचा धबधबाच! पलीकडे पोचलो तरी दोघी उतरेनात; त्याच होडीने परत आलो. घरी ऐकून ऐकून मलाही कळण्यापुरतं जर्मन येतं. आजी विचारत होत्या, "जर्मनीत कुठे राहायचात?"

"नारायण पेठेत," आई म्हणाली.

परतीच्या ट्रेनमध्ये ती आजींनी लिहून दिलेला पत्ता पुन्हा पुन्हा वाचत होती. केंब्रिज गेल्यावर म्हणाली, "खरं सांगू? अपॉइंटमेंट मिळाली नाही तेव्हा मला हायसं वाटलं होतं. इतकी वर्षं शिकवलं, आणि तिथे माझं बोलणंच कोणाला कळलं नाही तर?"

मी आपली इतके दिवस त्या व्हिसाच्या नावाने बोटं मोडत होते!

"पुण्याला गेले की पहिलं काम, पुन्हा अपॉइंटमेंट बघायची," आई म्हणाली. "आजी ल्युबेकच्या स्टेशनवर घ्यायला येणार आहेत."